हिवाळ्यातलं फ्रूट सॅलड: कस्टर्डचं करावं की काकवी-लिंबाचं?

कोल्हापुरात फ्रूट सॅलड म्हटलं की बहुतेक घरांत दुधातलंच डोळ्यासमोर येतं. म्हशीच्या घट्ट दुधाचं कस्टर्ड, त्यात केळं, चिकू, सफरचंद आणि वर डाळिंबाचे दाणे. इथलं दूधच असं आहे की हात आपसूक तिकडे वळतो. पण डिसेंबर-जानेवारीत कपिलतीर्थ मंडईत जी फळं ढिगाने दिसतात, त्यांतली निम्मी दुधात चालतच नाहीत. म्हणून आधी फळं बघा, पद्धत मग ठरवा.

संत्री आणि स्ट्रॉबेरी दुधात पडली की आंबटपणाने दूध फाटायला लागतं. वाटीच्या कडेला पाणी दिसतं, मध्ये बारीक कण. किवी किंवा कच्चा अननस घातला तर त्यांतली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात आणि कस्टर्ड कडवट होतं. पेरूचं दुधाशी तसं वाकडं नाही, पण मऊ कस्टर्डमध्ये त्याच्या बिया दाताखाली येतात आणि मजा जाते. थोडक्यात, कस्टर्ड करायचं तर केळी, चिकू, सफरचंद, डाळिंब आणि गोड निघाली तरच द्राक्षं. एक लिटर दुधाला चार सपाट मोठे चमचे पावडर पुरे, तीही आधी थंड दुधात कालवलेली, नाहीतर गुठळ्या होतात. कस्टर्ड पूर्ण गार झाल्यावर, वाढायच्या जरा आधीच फळं घाला.

आता काकवीचं. थंडीत गुऱ्हाळं सुरू असतात, ताजी काकवी सहज मिळते, आणि तिचा खरपूस गोडवा आंबट फळांना जसा जुळतो तसा साखरेचा जुळत नाही. सहा जणांसाठी दोन मोठे चमचे काकवी, एका लिंबाचा रस, चिमूटभर सैंधव आणि थोडं किसलेलं आलं वाटीत एकत्र करा. पेरू गद्दर घ्या. पिकून मऊ झालेला पेरू ढवळताना लगदा होतो. चार फाका करून मधला बियांचा गर चमच्याने काढा, बाकीच्या फोडी करा. संत्र्याची नुसती साल काढून थांबू नका. पाकळीच्या पाठीवर सुरीची हलकी चीर द्या, पांढरं आवरण सोलून काढा, बी टाका, नुसता गर घ्या. वेळ लागतो, पण सगळी चव या एका कामात आहे. सफरचंद चिरल्याबरोबर लिंबाच्या रसात घोळवा, म्हणजे काळं पडत नाही. स्ट्रॉबेरी मात्र शेवटी. मीठ आणि काकवी लागली की फळांना पाणी सुटतं, त्यामुळे मिश्रण ताट वाढतानाच ओता.

दह्यातलं तिसरं सॅलड काही घरांत होतं. चक्का वापरला तर बरं लागतं, पण थंडीत संध्याकाळी ते मी कोणाला आग्रहाने वाढणार नाही.

घरात लहान मुलं आणि आजी-आजोबा जास्त असतील, किंवा दुपारीच करून ठेवायचं असेल, तर कस्टर्ड करून फ्रीजमध्ये ठेवा, फळं तेवढी शेवटी चिरा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणावर मात्र माझं मत ठामपणे काकवी-लिंबाला आहे. जड पोटावर पुन्हा दूध कशाला? संत्र्याने तोंड स्वच्छ होतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला पाच फळं आणलेली असतातच, तीही यातच संपतात. बहुतेक कस्टर्ड पावडरी मक्याच्या पिठाच्या असतात, म्हणून उपवास असलेल्यांना तसलं कस्टर्ड चालत नाही, हे सॅलड चालतं.

दोन्ही हवं असेल तर एकाच भांड्यात मिसळू नका. कस्टर्ड वेगळं, आंबट फळं वेगळी ठेवा आणि ज्याला जे हवं ते ज्याच्या त्याच्या वाटीत वाढा.