देहदान, मेंदूदान की ऊतींचे नमुने? संशोधनासाठी काय द्यायचे ते ठरवताना

मृत्यूनंतर आपले शरीर संशोधनाच्या कामी यावे असे म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात देहदानच असते. प्रत्यक्षात वाटा चार आहेत. त्यांच्या वेळा वेगवेगळ्या आहेत आणि एक वाट धरली की दुसरी बऱ्याचदा बंद होते. म्हणून फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: आपल्याला आजार कोणता आहे, आणि मृत्यू घरी येण्याची शक्यता जास्त की रुग्णालयात.

देहदान

देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे जातो आणि साधारण एक ते तीन वर्षे वापरला जातो. मुख्य उपयोग शिकवण्याचा: विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी करायचे विच्छेदन, शल्यचिकित्सकांचा सराव. हे काम अतिशय मोलाचे आहे. पण एखाद्या रोगाचे मूळ शोधायला मदत व्हावी अशी इच्छा असेल, तर ही वाट त्यासाठी तोकडी पडते. मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या धमनीतून फॉर्मॅलिन, अल्कोहोल, ग्लिसरिन, फिनॉल यांचे काही लिटर द्रावण सोडतात आणि ते रक्तवाहिन्यांतून सर्वांगात पोहोचते. प्रथिने एकमेकांत जखडली जातात, त्यामुळे देह टिकतो. पण पेशींतल्या आरएनएचा, म्हणजे जनुकांचे संदेश वाहणाऱ्या नाजूक रेणूंचा, अभ्यास जवळजवळ अशक्य होतो.

नकाराचे एक मोठे कारणही याच धमन्यांत आहे. शवविच्छेदन झालेले असेल किंवा अवयव काढलेले असतील, तर वाहिन्या कापलेल्या असतात. द्रावण मध्येच गळते, टोकापर्यंत पोहोचत नाही आणि तो भाग खराब होऊ लागतो. नेत्रदानाने वाहिन्यांना धक्का लागत नाही, म्हणून नेत्रदान केलेला देह बहुतेक ठिकाणी स्वीकारतात. याशिवाय एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सक्रिय क्षयरोग, खोल शय्याव्रण, अतिस्थूलता, कुजायला लागलेला देह आणि पोलिस तपासात असलेला मृत्यू या कारणांनी सर्रास नकार येतो. वाट पाहावी लागलीच, तर देह शवगृहात ४ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावा, गोठवू नये. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात.

मेंदूदान

स्मृतिभ्रंश, पार्किन्सन किंवा तत्सम आजार असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: आधी मेंदूदानाचा विचार करा. अल्झायमरचे अंतिम निदान आजही मेंदूतील प्लाक (पेशींबाहेर साचलेले प्रथिनांचे थर) आणि प्रथिनांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. निरोगी माणसाचा मेंदूही तितकाच हवा असतो, कारण तुलनेला काहीतरी लागते, आणि असे दाते कमीच मिळतात. अमेरिकेत १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘नन स्टडी’त ६७८ जोगिणींनी मेंदूदानाला संमती दिली होती. त्यांतल्या काहींच्या मेंदूत रोगाच्या भरपूर खुणा सापडल्या, तरी हयातीत त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती. जिवंतपणीच्या चाचण्यांची नोंद हाताशी होती म्हणूनच हे कळले. तेव्हा आपली वैद्यकीय कागदपत्रे नीट ठेवणे हाही या दानाचाच भाग आहे.

मेंदू शक्यतो २४ तासांच्या आत काढतात. काही मेंदूपेढ्या याहून थोडा उशीर चालवून घेतात. छेद डोक्याच्या मागच्या बाजूने, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत असतो, त्यामुळे चेहरा जसाच्या तसा राहतो. बऱ्याच पेढ्यांत मेंदूचे मधोमध दोन भाग करतात. एक भाग काही आठवडे फॉर्मॅलिनमध्ये राहतो. दुसऱ्याच्या सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या करून त्या झटपट गोठवतात आणि उणे ८० अंशांवर साठवतात. गोठवणे वेगाने झाले की स्फटिक बारीक राहतात, म्हणून इथे ते चालते. देह अंत्यविधीसाठी लगेच परत मिळतो आणि तपासणीचा अहवाल काही महिन्यांनी कुटुंबाला मागता येतो. घरात तोच आजार पुढच्या पिढीत दिसत असेल तर हा अहवाल फार उपयोगी ठरतो.

मृत्यूनंतर काही तासांतच नमुने

पसरलेल्या कर्करोगासाठी ही वाट सर्वांत मोलाची, आणि सांभाळायला सर्वांत अवघडही. यकृत, हाडे, फुप्फुसे अशा अनेक ठिकाणच्या गाठींचे नमुने एकाच वेळी घेता येतात, म्हणून औषधाला न जुमानणाऱ्या पेशी कुठे कशा बदलल्या हे दिसते. जिवंत रुग्णावर इतक्या सुया चालवता येत नाहीत. ब्रिटनमधला ‘पीस’ हा अभ्यास याच पद्धतीचा. सॅन दिएगोच्या ‘लास्ट गिफ्ट’ अभ्यासात एचआयव्ही असलेल्या व्यक्ती मरणापूर्वीच नाव नोंदवतात, म्हणजे देहदानात जो आजार आडवा येतो तोच इथे प्रवेशाची अट असतो. घड्याळ मात्र कडक आहे. मृत्यू मध्यरात्री घरी झाला आणि सकाळपर्यंत कोणी फोनच केला नाही, तर बहुतेक वेळा संधी गेलेली असते. जवळपास असा प्रकल्प चालू नसेल तर ही वाट सोडून द्यावी.

प्रत्यारोपणासाठी अवयव, न जमल्यास संशोधनासाठी

मेंदूमृत अवस्थेत, अतिदक्षता विभागातच हे बहुधा शक्य होते. शरीराबाहेर थंड ठेवलेले हृदय चार ते सहा तास टिकते, मूत्रपिंड एक दिवसाहूनही जास्त. एखादा माणूस वाचणार असेल तर आम्ही प्रत्यारोपणालाच पहिला मान देऊ. मात्र संमतिपत्रात ‘प्रत्यारोपणास अयोग्य ठरल्यास संशोधनासाठी’ असा पर्याय स्वतंत्र असेल तर त्यावरही खूण करा. ती नसेल तर न वापरलेला स्वादुपिंड कोणाच्याच कामी येत नाही. एक अडचण लक्षात ठेवा: मेंदूमृत व्यक्ती दिवसभराहून अधिक कृत्रिम श्वासावर राहिली की मेंदूच्या ऊती मऊ पडून विघटित होऊ लागतात. अवयवदान आणि मेंदूदान दोन्ही नीट साधणे त्यामुळे अवघड असते.

सही करण्यापूर्वी

विचारण्याच्या गोष्टी अशा: नमुन्यांचे जनुकीय विश्लेषण होणार का, ते खासगी कंपनीला किंवा परदेशी पाठवणार का, किती वर्षे ठेवणार, देह नेण्याचा खर्च कोणाचा, मेंदू दिल्यावर उरलेला देह देहदानात घेतील का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक संस्थेचे वेगळे असते, म्हणून ते लेखी घ्या. मागाहून संमती काढून घेता येते, पण झालेल्या तपासण्यांची माहिती सहसा पुसली जात नाही.

ही इच्छा फक्त मृत्युपत्रात लिहू नका. ते उघडेपर्यंत अंत्यविधी आटोपलेला असतो. कित्येक ठिकाणी नातेवाइकांनी ठाम नकार दिला तर संस्था पुढे जात नाही, त्यामुळे घरच्यांशी आताच बोला. एका कागदावर पसंतीचा क्रम, प्रत्येक संस्थेचा चोवीस तासांचा फोन आणि फोन करणाऱ्या दोघांची नावे लिहा. एक प्रत घरात, एक डॉक्टरांकडे. पहिला फोन ज्या संस्थेला लागेल तिला पुढच्या पर्यायाचे नावही सांगायचे, म्हणजे नकार आला तरी घरच्यांना पुढचा क्रमांक शोधत बसावे लागणार नाही.