माचाकोसचे बांध: माती वर टाकायची की खाली?

केनियातल्या माचाकोसच्या टेकड्यांवर अकांबा शेतकरी दोन तऱ्हांनी बांध घालतात. 'फान्या चिनी'त चर खणून माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची. 'फान्या जू'त तीच माती फावड्याने वर भिरकवायची. पहिलं काम हलकं, उरकतंही लवकर. दुसऱ्यात कंबर मोडते. पण वरून वाहत आलेला गाळ बांधाशी अडतो, दर पावसाळ्यात थर चढतो आणि काही वर्षांत उताराच्या पायऱ्या होतात. चरातल्या ओलीवर केळी लावा. 'चिनी'त पायऱ्या अशा आपसूक होत नाहीत. तीव्र उतार नसेल आणि हात कमी असतील, तर तीही चालेल. मी मात्र 'जू'च निवडेन.

एवढी माती एकट्याने उचलणं अवघड, म्हणून 'म्वेथ्या', म्हणजे आपल्या इर्जिकीसारखी सामूहिक मेहनत. त्यात बायकाच जास्त.

ब्रिटिश राजवटीतला सरकारी उपाय वेगळा होता: धूप गुरांमुळे होते, तेव्हा गुरंच कमी करा. या सक्तीविरुद्ध १९३८ साली अकांबा पुढारी मुइंदी म्बिंगूंसोबत हजारो अकांबा नैरोबीला धडकले. सक्ती मागे घ्यावी लागली, म्बिंगूंना मात्र लामू बेटावर हद्दपार केलं.