लिंबाच्या कलमासाठी कापडी ग्रो बॅग: उलटी करून पाहिल्यावर

लिंबाचं लहान कलम लावायला कापडी ग्रो बॅग प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा चांगली, हे मी वापरून ठामपणे सांगते. पण पिशवीपिशवीत फार फरक असतो आणि तो फोटोत दिसत नाही. मी शिवणकाम करते, त्यामुळे शिवलेली कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघते. ग्रो बॅगचंही तेच केलं.

मी सांगतेय ती न विणलेल्या, फेल्टसारख्या जाड कापडाची पिशवी. हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची, बुडाशी भोकं असलेली पिशवी वेगळी. तिच्या भिंतीतून हवा फारशी खेळत नाही, म्हणून पुढे सांगितलेला मुळांचा फायदा तिच्यात मिळत नाही.

कापडाची जाडी जीएसएममध्ये लिहितात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. माझ्याकडची चांगली पिशवी 300 जीएसएमची आहे आणि ती अजून ताठ उभी आहे. दुसऱ्या एका कंपनीची पातळ पिशवी भरल्यावर मध्येच फुगली आणि कलम एका बाजूला झुकलं. आकडा छापलेला नसेल तर रिकामी पिशवी जमिनीवर ठेवून बघा. चांगलं कापड आधाराशिवाय उभं राहतं.

आता शिवण. न विणलेल्या कापडाला उभे-आडवे धागे नसतात. त्यामुळे टीप अगदी कडेला मारली असेल तर ओढ बसल्यावर ती कापड फाडत बाहेर येते. आतल्या बाजूला निदान अर्धा इंच कड सोडलेली हवी आणि बुडाला दुहेरी टीप हवी. दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचाच हवा, सुती दोरा ओल्या मातीत कुजतो. उचलायचे बंद जिथे जोडलेत तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप शोधा. 12 इंच रुंद आणि तेवढ्याच उंच पिशवीत साधारण 22 लिटर मिश्रण मावतं. पाणी घातल्यावर वजन वीस किलोच्या घरात जातं, माती जास्त असेल तर त्याच्याही वर. एका आडव्या टिपेवर एवढा भार टिकत नाही. वर सांगितलेल्या पातळ पिशवीचा बंद असाच, झाड उन्हात सरकवताना सुटून हातात आला.

मुळांच्या बाबतीत मात्र ही पिशवी खरंच जिंकते. लिंबाची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या थरात पसरतात आणि त्यांना हवा लागते. प्लॅस्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला लागलं की वळून गोल गोल फिरत राहतं. कापडाशी पोचलेल्या मुळाचं टोक हवेने सुकतं, तिथेच थांबतं आणि मागून नवे फाटे फुटतात. माझं कलम आधी प्लॅस्टिकमध्ये होतं तेव्हा त्याच्या गोळ्याभोवती जाड मुळांचे वेढे पडले होते. कापडातून काढलं तेव्हा सगळीकडे पांढऱ्या बारीक मुळांचं जाळं दिसलं. मला फार समाधान वाटलं ते पाहून.

शिवाय पाणी साचत नाही. साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू फोफावतो, मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडून गळू लागतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून आणखी पाणी घातलं जातं. कुंडीतली कितीतरी लिंबं अशी जातात. बुडाशी खडीचा थर देऊनही हे टळत नाही. ओल त्या थराच्या वर, मातीतच अडकून राहते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

याची दुसरी बाजू अशी की पिशवी सगळ्या अंगांनी सुकते. कडक उन्हात आणि वाऱ्यात लहान पिशवीला रोज पाणी लागतं, थंडीत मात्र कित्येक दिवस लागत नाही. म्हणून ठरावीक वाराला पाणी असा नेम लिंबाला लावू नका. बोट दोन पेरं आत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही बुडातून निथळेपर्यंत. मिश्रण पूर्ण सुकू दिलं तर ते आक्रसतं आणि पाणी कापडाच्या कडेने निसटून जातं. गोळा आत कोरडाच राहतो. अशा वेळी थोडं थोडं पाणी मध्यभागी, थांबून थांबून घालायचं. पिशवी काठोकाठ न भरता वर दोन इंच जागा ठेवली की हे सोपं होतं. वाळलेल्या पानांचा थर द्या, फक्त खोडाला टेकू देऊ नका. पिशवी थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा. ताटलीत साचलेलं पाणी कापड पुन्हा वर ओढतं, मग निचऱ्याला काही अर्थ उरत नाही.

काही महिन्यांनी बाहेरून पांढरे डाग येतात. अनेक जण त्याला बुरशी समजतात, पण बहुतेक वेळा ते पाण्यातले आणि खतातले क्षार असतात. पाणी भिंतीतून उडून जातं, क्षार मागे राहतात. पाणी जड असेल तर मिश्रणाचा सामूही (पीएच, म्हणजे आम्लपणा-अल्कपणाचा आकडा) हळूहळू वाढतो. लिंबाला साधारण 5.5 ते 6.5 सामू मानवतो. तो फार वर गेला की लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. तेव्हा चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, द्यावं लागतं, आणि त्यातही प्रकार बघून घ्या. ईडीटीए साधारण 6.5 सामूपर्यंतच काम देतं, डीटीपीए 7.5 पर्यंत, त्यापुढे ईडीडीएचए. जुनी पानं कडेने पिवळी होऊन देठाशी हिरवा त्रिकोण राहिला तर कमतरता मॅग्नेशियमची, तिथे लोह घालून उपयोग नाही. अधूनमधून पावसाचं किंवा हलकं पाणी भरपूर सोडून क्षार धुऊन काढले की पिशवीतही झाड छान राहतं.

लावताना एक काळजी घ्या. कापडी पिशवीत मिश्रण बरंच खाली बसतं आणि त्याबरोबर झाडही खाली जातं. म्हणून कलमाचा जोड मातीच्या चांगला वर राहील असं थोडं उंच लावा. जोडाखालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्यावर लिंबाचं कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचे असतात, ते दिसताच खुडा. लहान कलमाला एकदम 18 इंची पिशवीही नको. मुळं न पोचलेली माती ओलीच राहते.

पानात नागमोडी रेषा कोरणारी नागअळी आणि पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी पिशवी कुठलीही असली तरी येतेच. सहा-आठ तासांचं ऊनही हवंच.

वरचेवर बाहेरगावी जाणाऱ्याने आणि पाणी घालायला मागे कोणी नसणाऱ्याने ही पिशवी घेऊ नये. बाकी सगळ्यांना मी पाचपैकी चार गुण देऊन सुचवेन. एक गुण कापला तो बंदांसाठी, कारण चांगल्या पिशवीतही मला ते फार अरुंद वाटले. हातात रुततात. आणि झाड मोठ्या पिशवीत हलवताना खोड धरून ओढू नका. बारीक मुळं कापडात शिरलेली असतात, ती तुटतात. उभी शिवण वरून खाली उसवा, कापड पानासारखं उघडून बाजूला करा आणि गोळा दोन्ही हातांनी खालून उचला. शिवण नीट असेल तर तीच पिशवी पुन्हा टीप मारून वापरता येते.