कॅम्पातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेली हर्शी बेअर्स या अमेरिकन आइस हॉकी टीमची जर्सी, किंमत ४५० (रिव्ह्यू लांबलाय, चहा घेऊन बसा)

आधी दुकानाबद्दल सांगते, कारण जर्सीबद्दल सुरू झाले की मी थांबत नाही हे घरच्यांना आता पाठ झालंय. कॅम्पात फॅशन स्ट्रीटपासून चालत पाच-सात मिनिटांवर बाहेरून गठ्ठ्यांनी आलेल्या जुन्या कपड्यांचं एक दुकान आहे, नाव मुद्दाम देत नाहीये, का ते शेवटी कळेल. चार पायऱ्या उतरून खाली जायचं, डांबरगोळ्यांचा वास नाकात जातो तो घरी येईपर्यंत जात नाही, एक ट्यूबलाइट कायम फडफडत असते आणि ट्रायल रूम म्हणजे पडदा लावलेला कोपरा, त्यातल्या आरशाला मधोमध तडा. रिटर्न नाही, बिल नाही, जीपे चालतं. पण जॅकेटं खरंच चांगली मिळतात, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं एक अजून टकाटक आहे, त्यामुळे गाडी लावायला अर्धा तास घिरट्या घालूनसुद्धा मी परत परत जाते.

यावेळी पोराला घेऊन गेले होते. तो स्केटिंगला जातो आणि सरांनी हल्ली रोलर हॉकी सुरू केलीय, म्हणून साहेबांना "हॉकीवाला शर्ट" पाहिजे होता. मागच्या रॅकवर दोन लटकत होते, एक चॉकलेटी आणि एक पांढरा, दोन्हीवर अस्वल. टॅगवर पेनाने लिहिलेलं, बेसबॉल. म्हणलं दादा हे कसलंय, तर म्हणाला, "ताई, ती चॉकलेट कंपनीची जाहिरात आहे, तिकडे फुकट वाटतात असले टीशर्ट, पण कापड बघा ना, कसलं जड आहे." फुकट वाटतात तर साडेसहाशे कशाला, असं म्हणून मी चारशेपासून सुरू केलं आणि साडेचारशेला जमलं. चॉकलेटी घेतला, पांढरा ठेवला. चूक झाली, पण ते नंतर.

घरी येऊन पोराला घातला तर गुडघ्याच्या खाली. लेबलवर साइज ५४. आम्हाला वाटलं कुणा राक्षसाचा असेल, पण नाही, आइस हॉकीवाले खांद्याला, कोपराला, छातीला जाडजूड पॅड बांधतात आणि वरून हे चढवतात, त्यामुळे माप तसलंच असतं. मग गेले आमच्या शिंपीकाकांकडे, बाह्या आत घ्यायला आणि अस्वलाचा एक पंजा उसवला होता तो टाके मारून घ्यायला. काकांनी शर्ट उलटा केला आणि पाठीच्या खालच्या काठाला आतून शिवलेली एक जाड पट्टी धरून म्हणाले, "ही कापून टाकू ना? कुणीतरी बॅगेचा बंद चुकून शिवलाय इथे." टोकाला प्रेस बटण आणि वेलक्रो. नशीब माझं, म्हणलं थांबा काका, फोनवर बघते.

तर तो बंद म्हणजे फाइट स्ट्रॅप. बर्फावर मारामारी झाली की समोरचा तुमची जर्सी मागून ओढून डोक्यावर चढवतो, हात त्यात अडकतात, डोळ्यांपुढे अंधार, आणि मग तो निवांत बुकलतो. म्हणून हा बंद मागून पँटला अडकवायचा, जर्सी वर जातच नाही. काकांना सांगितलं तर त्यांनी कात्री खाली ठेवली, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, "म्हणजे भांडायची सोय शिंप्यानंच करून दिलीय होय?" हो काका. जाहिरातीच्या फुकट टीशर्टाला कोण कशाला असला बंद लावेल, कोपराला डबल कापड कशाला देईल. म्हणजे ही खेळाडूच्या मापाची, खेळायला शिवलेली जर्सी. त्या दिवसापासून मी या टीमच्या मागे लागलेय.

आणि गंमत म्हणजे दुकानदार अगदीच चुकला नव्हता!

हर्शी हे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधलं गाव, मिल्टन हर्शी नावाच्या माणसाने चॉकलेटचा कारखाना काढला आणि भोवती गाव वसवलं. कामगारांची घरं, ट्राम, बाग, अनाथ मुलांसाठी शाळा, सगळं कंपनीचं. मेन रोडचं नाव चॉकलेट ॲव्हेन्यू आणि तिथले रस्त्यावरचे दिवे त्यांच्या त्या टोकदार चॉकलेटच्या आकाराचे. मला हे वाचताना सारखी पिंपरी आठवत होती. मी एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स) कॉलनीत वाढले, बाबा एचएत, भोंग्यावर घड्याळ लावायचं, ग्राउंड कंपनीचं, शाळा कंपनीची, गणपती पण कंपनीचा. किर्लोस्करवाडी, वालचंदनगरवाल्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की आमच्याकडे टेनिस बॉलच्या टुर्नामेंट व्हायच्या आणि ह्यांनी १९३२ मध्ये स्वतःची आइस हॉकी टीम काढली.

टीमचं पहिलं नाव हर्शी बार्स. म्हणजे इंग्रजीत मध्ये एक ॲपॉस्ट्रफी टाकून असं लिहायचे की गावंढळ उच्चारात अस्वल पण झालं आणि चॉकलेटचा बार पण झाला. इतकी उघड जाहिरात की तिकडचे पत्रकार कुरकुरायला लागले, शेवटी १९३६ मध्ये नाव बदलून सरळ बेअर्स केलं. सो दादा, तुमची जाहिरातीची थिअरी नव्वद वर्षं उशिरा आली, पण बरोबर होती.

१९३६ च्या आसपासच अजून एक गोष्ट झाली. मंदीचा काळ, सगळीकडे लोकांना काम नाही, आणि मिल्टन हर्शीने गावात बांधकामांचा धडाका लावला, हॉटेल बांधलं, कम्युनिटी बिल्डिंग बांधली आणि टीमसाठी मोठं बंदिस्त अरेना बांधलं. काँक्रीटचं पातळ कवच, कमानीसारखं, आत मध्ये एकही खांब नाही, सात हजारांवर लोक बसतील असं. अँटोन टेडेस्को नावाच्या इंजिनिअरचं काम. माझा नवरा सिव्हिलवाला आहे, त्याला इतका वेळ जर्सीत काडीचा इंटरेस्ट नव्हता, पण या छताचे फोटो बघून रात्री साडेअकराला मला शेल स्ट्रक्चर समजावत बसला. आणि याच हॉकीच्या घरात २ मार्च १९६२ ला विल्ट चेंबरलेनने एनबीएच्या, म्हणजे तिकडच्या वरच्या बास्केटबॉल लीगच्या, एका मॅचमध्ये १०० पॉइंट काढले, एनबीएतला तो रेकॉर्ड अजून कुणाला तुटलेला नाही. बघायला होते ४,१२४ लोक. टीव्हीवर नव्हती मॅच, म्हणजे हा पराक्रम बघितलेले लोक एका मंगल कार्यालयाच्या दोन-चार लग्नांत मावतील.

टीम १९३८ पासून अमेरिकन हॉकी लीगमध्ये आहे, सलग, एकही वर्ष गॅप नाही, या लीगमध्ये इतकी जुनी दुसरी टीम नाही. हे का भारी आहे ते समजायला लीग काय आहे ते बघा. ही वरची लीग नाही, वरची ती एनएचएल. ही तिच्या खालची, म्हणजे समजा रणजी, पण त्यात भानगड अशी की खेळाडू बऱ्याचदा तुमचा नसतोच, वरच्या टीमने करारावर घेऊन तुमच्याकडे तयार व्हायला ठेवलेला असतो. बेअर्स २००५ पासून वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या दावणीला आहेत, त्याआधी कोलोरॅडो, त्याआधी फिलाडेल्फिया. पोरगं चांगलं खेळायला लागलं की वरून फोन येतो आणि तो बॅग भरून निघतो, तुमची सेमीफायनल असली तरी. जॉन कार्लसन, ब्रेडन होल्टबी इथूनच वर गेले आणि २०१८ मध्ये कॅपिटल्सने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचा कप, जिंकला तेव्हा संघात होते.

आता माझ्या जर्सीची पाठ बघा. नंबर आहे २६, पण त्याच्या वर नाव नाही. आधी वाटलं नावाशिवायचीच असेल. मग उन्हात धरली तर नंबरच्या वर सुईच्या बारीक भोकांची आडवी चौकट दिसली, बोट फिरवलं की लागते. नाव असतं ते वेगळ्या पट्टीवर शिवलेलं, माणूस बदलला की पट्टी उसवायची आणि दुसरी लावायची. कुणीतरी होता तो २६ नंबरवाला, वर गेला की घरी गेला देव जाणे, पट्टी निघाली आणि जर्सी गठ्ठ्यातून कॅम्पात.

असं सगळं येतं-जातं असताना टीमने कॅल्डर कप, म्हणजे लीगचा कप, १३ वेळा मारलाय, लीगमध्ये सगळ्यात जास्त. पहिला १९४७ चा. १९८८ ला प्लेऑफमधल्या बाराच्या बारा मॅच जिंकले, एकही हरले नाहीत. २००९-१० च्या सीझनला ८० पैकी ६० जिंकले आणि कप पण घेतला. मला सगळ्यात आवडलेली २०२३ ची फायनल, कोचेला व्हॅलीच्या टीमशी, फायनल जास्तीत जास्त सात मॅचची असते त्यातली सातवी, त्यांच्या घरी, ०-२ ने मागे, तिथून ओढून आणली ओव्हरटाइमला आणि माइक व्हेकिओनीने गोल मारला, ३-२. मी हायलाइट्स बघितल्या तेव्हा निकाल माहीत होता तरी उशी आवळून बसले होते. पुढच्या वर्षी परत तीच टीम फायनलला, परत ओव्हरटाइम, परत कप.

आणि फ्रँक मॅथर्स. १९५६ ला खेळाडू-कोच म्हणून आला, मग नुसता कोच, मग मॅनेजर, मग प्रेसिडेंट, १९९१ ला रिटायर. पस्तीस वर्षं एका जागी, त्यात सहा कप. खालच्या लीगमध्ये आयुष्य काढून हा माणूस हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला. आमच्या कॉलनीत असे काका होते, ग्राउंडवर पाणी मारण्यापासून फायनलला अंपायरिंग करण्यापर्यंत सगळं एकटेच.

२००२ मध्ये टीम शेजारीच बांधलेल्या नव्या जायंट सेंटरमध्ये गेली, साडेदहा हजारांची जागा. गाव केवढं, तर चौदा हजारांच्या आसपास! आपल्याकडे दोन-तीन मोठ्या टाउनशिप धरल्या तर तेवढे लोक होतात. तरी प्रेक्षकांच्या आकड्यात वर्षानुवर्षं ही टीम लीगमध्ये वरती. दरवर्षी एका मॅचला टेडी बेअर टॉस असतो, आपल्या टीमचा पहिला गोल पडला की सगळ्यांनी घरून आणलेली टेडी बर्फावर फेकायची, ती नंतर संस्थांना देतात. जानेवारी २०२५ ला १,०२,३४३ जमली. व्हिडिओ बघा, जेजुरीला भंडारा उधळतात तसं आभाळातून टेडी पडतात, बर्फ दिसेनासा होतो आणि खेळाडू पोत्यांत टेडी भरत फिरतात. पोराने घरातली बारा टेडी माझ्यावर फेकून रिहर्सल पण केली.

असो, रिव्ह्यू. कापड जाड पॉलिस्टर, पुण्यात मार्च ते ऑक्टोबर हे घालणं म्हणजे स्वतःला कुकरमध्ये ठेवणं. डिसेंबरात पहाटे स्केटिंगला मात्र स्वेटर लागत नाही. गार पाण्यात, उलटी करून, हाताने धुवा, मशीनला लावू नका, माझी पहिल्या धुण्यात अस्वलाच्या कानाची शिलाई सैल झाली. रंग अजिबात गेला नाही. डांबरगोळीचा वास तीन धुण्यांनंतर गेला, तोही व्हिनेगर टाकल्यावर. शिंपीकाकांनी बाह्या आणि पंजाचे ८० घेतले आणि रिकाम्या चौकटीत पोराचं नाव देवनागरीत शिवून दिलं, जुन्याच भोकांतून सुई घालून, त्याचे पैसे घेतले नाहीत. बंद तसाच ठेवलाय, पोरगं तो पँटच्या लूपला बांधून जातं आणि सर म्हणतात मारामारीची तयारी करून येऊ नकोस.

जर्सीला पाचपैकी साडेचार. दुकानाला तीन होते, आता अडीच, कारण पुढच्या रविवारी मी तो पांढरा घ्यायला परत गेले, भावाच्या वाढदिवसाला द्यायचा होता. तिथेच होता, टॅगवर अजून बेसबॉल. आणि मला राहवलं नाही हो, म्हणलं दादा तुम्हाला माहितीये का हे काय आहे, आणि काउंटरवर टेकून १९३२ पासून सुरू केलं, बार्स, छत, तेरा कप, फाइट स्ट्रॅप आतून काढून दाखवला, त्याने पण इतकं मन लावून ऐकलं की मधे चहा मागवला. सगळं संपल्यावर म्हणलं चला, साडेचारशे जीपे करते.

त्याने खिशातून पेन काढलं, टॅगवरचं बेसबॉल खोडलं, हॉकी लिहिलं, आणि खाली १,५००.