समुद्रतळाचे गोटे आणि माझे चार लाख

कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं धातू ओतला, निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला घरी आलो, आणि मला गंडवलं ते भट्टी दाखवूनच. हसायचं तर हसा, पण समुद्रतळाच्या गोट्यांपासून मिश्रधातू करायला कोणी पैसे मागत असेल तर आधी हे वाचा.

माणूस गोड. "काका, तुम्हाला भट्टीचं मी काय सांगणार!" हे पालुपद. अर्धं तो खरंच सांगत होता. हिंदी महासागरात पाच-सहा हजार मीटर खोल बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेत, त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. 'गवेषणी' जहाजाने १९८१ साली पहिला गोटा वर काढला, हेही खरं. त्यातला 'सुटलेला माल' आपल्याला मिळतो, ही त्याची भर.

मग प्रयोग. मुशीत पाच किलो गोटे, वर झाकण, "धूर वाईट, लांब राहा काका", आणि दीड तासाने चकचकीत लगड. भरली चार किलो! मी खूश. चार लाख रोख मोजले.

कोक, म्हणजे भट्टीचा कोळसा, कुठे होता? गोट्यातले धातू ऑक्साइडच्या रूपात असतात, कोळशाशिवाय सुटे कसे होतील? आणि स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणारी मळी? गोटे नीट वितळवले तर निकेल, तांबं, कोबाल्ट आणि थोडं लोखंड खाली उतरतं. मँगनीज बहुतेक स्लॅगमध्ये जातं, त्यातून पुढे पोलादासाठी लागणारा सिलिकोमँगनीज हा मिश्रधातू करतात. निकेल-तांबं-कोबाल्ट मिळून शेकडा अडीचच्या आसपास, म्हणजे पाच किलोला सव्वाशे ग्रॅम. लोखंड धरूनही लगड मुठीत मावली असती. तिथे स्लॅगचा खडासुद्धा पडला नाही, आणि जन्मभर स्लॅग काढलेला मी टाळ्या वाजवत होतो.

फोन बंद झाल्यावर एक गोटा शेजाऱ्यांना दाखवला. ते रेडीच्या खाणीवर होते. हातात झेलून म्हणाले, "अरे, हो तर आमच्या रेडीचो दगड!" लोहखनिज, वरून काळं फासलेलं. खरा गोटा सच्छिद्र, हलका. फोडला तर आत कांद्यासारखे थर.

आणि या गोट्यांबाबतचा २००२ सालचा करार भारत सरकारचा आहे, ७५,००० चौरस किलोमीटरात फक्त शोध घेण्याचा. त्यात विकायला माल येतो कुठून?

तक्रार दिली आहे. पावती म्हणजे वहीचं पान. हवालदारांनी ते दोनदा उलटसुलट करून विचारलं, "रक्कम अक्षरी कुठाय?"