वूकॉमर्स : बिघाडाच्या वेळी कितपत उपयोगी?
वर्डप्रेसवर (संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर) ऑनलाइन दुकान चालवण्यासाठी 2011 मध्ये आलेले वूकॉमर्स हे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, मोफत आहे. होस्टिंग, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) आणि बरीचशी जोड-साधने यांचा खर्च मात्र वेगळा धरावा लागतो. उत्पादनांची मांडणी वगैरे बाबी ठीकठाक आहेत. खरी कसोटी लागते ती बिघाडाच्या वेळी, आणि तिथे ते मला उजवे वाटले. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, पण ऑर्डर 'पेमेंट प्रलंबित' याच स्थितीत अडकून राहिली, तर अनेकदा गेटवेने पाठवलेला वेबहुक (पैसे मिळाल्याची स्वयंचलित सूचना) सुरक्षा प्लगइनने किंवा फायरवॉलने अडवलेला असतो; लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, त्या वेळेची नोंदच नसेल, तर शोधाची दिशा लगेच ठरते. साठा राखून ठेवण्याची मुदत मुळात 60 मिनिटांची असल्याने अशी ऑर्डर नंतर आपोआप रद्दही होते, हे नवख्या दुकानदाराला सहसा ठाऊक नसते. कार्ट रिकामी दिसण्याचे खापर उगाच वूकॉमर्सवर फुटते. कार्ट आणि चेकआउट ही पाने कॅशिंगमधून (पानाची आधी साठवलेली प्रत दाखवण्यातून) वगळली आहेत का, हे आधी पाहावे. प्लगइनांचा आपसातील संघर्ष हुडकायचा तर एकेक बंद करून पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ही खटपट चालू दुकानावर न करता स्टेजिंग प्रतीवरच, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीवरच, करावी.