झेब्राफिशच्या रेटिनाला इजा करायची तर कशी? प्रकाश, सुई, वाबेन की मेट्रोनिडाझोल

झेब्राफिश हा छोटा मासा इजा झालेला रेटिना, म्हणजे डोळ्यातला प्रकाश टिपणारा पडदा, पुन्हा घडवतो. या पुनर्निर्मितीवर एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. करायला निघालेले विद्यार्थी आधी जनुक ठरवतात आणि इजेची पद्धत प्रयोगशाळेत चालत आलेली असते तीच उचलतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. कुठल्या पेशी मेल्या यावर दुरुस्तीला कोण उठणार हे ठरतं.

दुरुस्ती करतात त्या म्युलर ग्लिया. या पेशी रेटिनाच्या आरपार उभ्या असतात, आणि एरवी त्यांचं काम न्यूरॉन्सना, म्हणजे चेतापेशींना, आधार देणं एवढंच. मोठी इजा झाली की त्यांचं केंद्रक बाहेरच्या थराकडे सरकतं आणि साधारण दीड-दोन दिवसांत पेशी विभागते. एक भाग ग्लियाच राहतो. दुसऱ्यापासून पूर्वज पेशींचा पुंजका तयार होतो, त्यातून नवे न्यूरॉन्स घडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या छेदात (रेटिनाच्या पातळ कापात) हे पुंजके उभ्या ओळीत रचलेले दिसतात आणि पहिल्यांदा बघताना खरंच अंगावर रोमांच येतात. म्युलर ग्लिया उंदरातही आहेत, आपल्या डोळ्यांतही आहेत. पण तिथे इजेनंतर त्या फुगतात, व्रण धरतात आणि थांबतात.

आता पद्धती. प्रकाशाची पद्धत सर्वांत स्वच्छ. अल्बिनो (रंगद्रव्य नसलेले) मासे काही दिवस अंधारात ठेवायचे आणि मग सलग प्रखर उजेडात. मरतात त्या मुख्यतः दंडपेशी आणि शंकुपेशी, म्हणजे प्रकाशग्राही पेशी; आतले थर जवळपास शाबूत राहतात. टोचाटोची नाही, रक्तस्राव नाही, आणि एका वेळी अनेक मासे घेता येतात. अडचण अशी की रेटिनाच्या वरच्या भागात इजा जास्त होते, खालच्या भागात कमी. छेद घेताना डोळ्याची दिशा सांभाळली नाही तर आकडे सपशेल चुकतात. शिवाय रंगीत मासा या उजेडाला फारशी दाद देत नाही, म्हणजे तुमची ट्रान्सजेनिक (बाहेरचं जनुक घातलेली) जात आधी अल्बिनो पार्श्वभूमीत आणावी लागते आणि त्यात महिने जातात.

सुईला काहीच तयारी लागत नाही. माशाला ट्रिकेनने भूल द्यायची, डोळा खोबणीतून हलकेच वळवायचा आणि मागच्या बाजूने बारीक सुई टोचायची. त्या जागी सगळे थर फाटतात. मोठा फायदा म्हणजे इजा झालेला आणि न झालेला भाग एकाच छेदात शेजारी शेजारी मिळतो. मिशिगन विद्यापीठात डॅनियल गोल्डमन यांच्या गटाने बरंचसं काम याच पद्धतीवर उभं केलं. एएससीएल१ए हे जनुक लिन२८ या जनुकाला चालना देतं आणि त्यामुळे लेट-७ या मायक्रोआरएनएचं (जनुकांना आवर घालणाऱ्या छोट्या आरएनएचं) प्रमाण खाली येतं, हा २०१०चा निष्कर्षही त्यांचाच. पण सुईबरोबर रक्त येतं, दाहपेशी येतात. ग्लियाला जाग मरणाऱ्या न्यूरॉन्समुळे आली की दाहामुळे, हा तुमचा प्रश्न असेल तर सुई घेऊ नका.

वाबेन हे सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडणारं विष. डोळ्याच्या आतल्या द्रवात कमी मात्रेत टोचलं तर आतले थर मरतात आणि प्रकाशग्राही पेशी बऱ्याच वाचतात. मात्रा वाढली की त्याही जातात. गँग्लिऑन पेशी (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या) पुन्हा कशा येतात हे बघायचं असेल तर हाच मार्ग. मात्र हात बसलेला नसेल तर एकाच गटातल्या दोन डोळ्यांत इजा वेगळी निघते, आणि दृष्टी परतायला महिने लागतात. सहा महिन्यांच्या प्रकल्पासाठी मी हे सुचवणार नाही.

मेट्रोनिडाझोल म्हणजे आपण जुलाबावर घेतो तेच औषध. ज्या पेशीत नायट्रोरिडक्टेज हे जिवाणूचं विकर (एन्झाइम) बसवलंय, तिथे त्याचं विष बनतं आणि तीच पेशी मरते. औषध पाण्यात मिसळलं की झालं, अळ्यांवरही चालतं. नेमकेपणात याला तोड नाही, पण हे विकर बसवलेली माशाची जात हाताशी हवी. आणि एक सापळा आहे. दंडपेशींसाठी माशाकडे वेगळा राखीव साठा असतो, दंडपूर्वज पेशींचा. थोड्याच दंडपेशी मेल्या तर हा साठाच भर काढतो आणि म्युलर ग्लिया फारशा जागत नाहीत. विभाजनाच्या खुणा दिसतात, तुम्ही त्या ग्लियाच्या नावावर टाकता आणि पेपर चुकतो. म्हणून पद्धत कोणतीही असो, पीसीएनए (विभागणाऱ्या पेशींची खूण) एकट्याने बघू नका. जोडीला ग्लियाची खूण लावा.

मासा सोडून थेट उंदीर घ्यावा का, असंही विचारलं जातं. वॉशिंग्टन विद्यापीठात टॉम रेह यांच्या गटाने २०१७ साली प्रौढ उंदराच्या म्युलर ग्लियात एएससीएल१ (त्याच जनुकाचं उंदरातलं रूप) चालू केलं, सोबत हिस्टोन डीॲसिटिलेजचा (जनुकं झाकून ठेवणाऱ्या विकराचा) अवरोधक दिला आणि इजेनंतर न्यूरॉन्स मिळवले. मुख्यतः आतल्या थरांतले, पण मिळाले. प्रश्न उपचाराचा असेल आणि हातात चार-पाच वर्षं असतील तर उंदीर जरूर घ्या. हे मुळात घडतं कसं, हा प्रश्न असेल तर मासाच. भारतात आयसर मोहालीत राजेश रामचंद्रन यांची प्रयोगशाळा याच विषयावर काम करते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला: अल्बिनो मासे मिळत असतील तर प्रकाश, नसतील तर सुई. नायट्रोरिडक्टेजची जात आयती मिळाली तरच मेट्रोनिडाझोलचा विचार करा.

प्राणी नैतिकता समितीचा अर्ज भरण्याआधी हे पक्कं करा, कारण माशांची संख्या त्यावर अवलंबून असते. सुई किंवा वाबेनमध्ये एका डोळ्याला इजा करून दुसरा तुलनेला ठेवता येतो. प्रकाशात आणि मेट्रोनिडाझोलमध्ये दोन्ही डोळे सापडतात, तेव्हा तुलनेचे मासे वेगळे मागावे लागतात आणि तेही अर्जात पहिल्यांदाच लिहावे लागतात.